पर्ल हार्बरचे ॲरिझोना स्मारक सहल कंपनीशिवाय पाहता येईल का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

येत्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझे यजमान परभणीहून अमेरिकेला, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे राहणाऱ्या मुलाकडे जाणार आहोत. तेथून मुलगा, सून आणि आम्ही दोघे असे चौघे जण हवाईला जाऊन होनोलुलूत मुक्काम करणार आहोत. समुद्रकिनारे, डोंगर, बाजार हे सारे मुलांनी त्यांच्या आवडीने ठरवावे, असे मी सांगून टाकले आहे. माझी मागणी एकच आहे, ती म्हणजे पर्ल हार्बर येथील यूएसएस ॲरिझोना स्मारक नीट आणि सावकाश पाहता यावे. त्यासंबंधी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे.

या आग्रहामागे कारण आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवत निवृत्त झाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने अमेरिकेच्या नाविक तळावर अचानक हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली, एवढ्यावर आमचा पाठ पुढे सरकत असे. गोदावरी आणि पूर्णा यांपलीकडे मोठे पाणी न पाहिलेल्या मुलांना, बंदरात उभी असलेली प्रचंड युद्धनौका नऊ मिनिटांच्या आत कशी बुडते, हे समजावण्यासाठी मी फळ्यावर जहाजाचा छेद काढत असे. बॉम्ब पुढच्या भागात शिरला, दारूगोळ्याचे कोठार फुटले आणि त्या एका जहाजावरचे १,१७७ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी नऊशेहून अधिक जण आजही त्या बुडालेल्या जहाजातच आहेत, हे सांगितल्यावर एका मुलाने विचारले होते, “बाई, मग त्यांना वर का नाही काढलं?” त्या वेळी मी जे उत्तर दिले, त्याने माझेच समाधान झाले नव्हते.

आता अडचण सांगते. मुलाने एका सहल कंपनीची माहिती पाठवली आहे. सकाळी हॉटेलवरून नेणार, स्मारक दाखवणार, नंतर शहरातून बस फिरवत राजवाडा आणि पंचबोलची सैनिकी दफनभूमी बसमधूनच दाखवणार आणि दुपारी परत सोडणार, असा तो कार्यक्रम आहे. मुलाचा हेतू चांगला आहे, आम्हाला त्रास होऊ नये असे त्याला वाटते. परंतु ज्या संगमरवरी भिंतीवर त्या सर्वांची नावे कोरली आहेत, तिच्यापुढे उभे असताना मागून कोणी घड्याळ दाखवत राहावे, हे मला मानवणारे नाही. म्हणून आपले आपण जायचे म्हटले, तर काय काय करावे लागेल, हे जाणून घ्यायचे आहे.

पहिली शंका तिकिटांची आहे. स्मारक विनामूल्य आहे, तरी जागा आधी राखून ठेवाव्या लागतात, असे वाचले; त्या कधी आणि कोठे मिळतात? दुसरी शंका पिशव्यांची आहे. आत कोणतीही पिशवी नेता येत नाही म्हणतात. मी साडी नेसते आणि यजमानांना मधुमेह आहे, त्यामुळे औषधे, चष्मा आणि थोडे खाणे हे सारे माझ्या पर्समध्येच असते. तिसरी शंका यजमानांच्या गुडघ्यांची. त्यांना सपाट जागी हळूहळू चालता येते, पण बोटीत चढउतार जमेल का? आणि शेवटची गोष्ट म्हणजे ज्या मिसूरी युद्धनौकेवर २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या, तीही तेथेच उभी आहे. युद्धाचा आरंभ आणि शेवट एका बंदरात पाहण्याची संधी सोडवत नाही, पण दोन्ही एका दिवसात करणे आमच्या वयाला शहाणपणाचे होईल का?

— परभणीच्या बाई

उत्तर: जालनेकर, सध्या सिॲटल

बाई, नमस्कार. मी माझ्या आईवडिलांना घेऊन तेथे गेलो होतो, तेही कोणत्याही कंपनीशिवाय. तुम्ही निःशंकपणे स्वतंत्र जावे, असेच सांगेन.

स्मारकाची व्यवस्था अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा पाहते आणि आगाऊ जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरच राखून ठेवायच्या असतात. प्रत्येक तिकिटामागे १ डॉलर आरक्षण शुल्क पडते आणि ते परत मिळत नाही. त्याहून जास्त पैसे कोणी ‘स्मारकाचे तिकीट’ म्हणून मागत असेल, तर ते त्याच्या बसचे आणि सेवेचे पैसे आहेत, हे लक्षात ठेवावे.

जागा दोन वेळा खुल्या होतात. बहुतेक जागा भेटीच्या बरोबर आठ आठवडे आधी, हवाईच्या वेळेनुसार दुपारी ३ वाजता मिळतात आणि उरलेल्या काही आदल्या दिवशी त्याच वेळी. येथे भारतातून आरक्षण करणाऱ्यांची तारखेवरून फार गफलत होते, म्हणून सविस्तर सांगतो. हवाईची वेळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. तुम्हाला बुधवारी जायचे असेल, तर आठ आठवडे आधीच्या बुधवारी तेथे दुपारचे ३ वाजलेले असताना परभणीत गुरुवारची सकाळ उजाडून साडेसहा झालेले असतील. तुमची भेट ऑक्टोबरमधली असल्यामुळे हा दिवस बहुधा ऑगस्टमध्ये येईल आणि तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळचे ६ वाजले असतील. त्यामुळे आरक्षण मुलानेच करावे, हे उत्तम. तुम्हीच करणार असाल, तर आपल्याकडच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावे लागतात, ते आधीच बँकेतून तपासून ठेवा. चांगल्या वेळा फार लवकर संपतात, म्हणून साडेसहाला बसायचे म्हणजे सव्वासहालाच बसावे.

तिकीट नाहीच मिळाले, तरी आयत्या वेळच्या रांगेत उभे राहता येते आणि बोटीत जागा उरली तर सोडतात. पण गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला त्या भरवशावर नेऊ नये.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वारा जोराचा असला की बोटी स्मारकाला लावता येत नाहीत आणि फेऱ्या रद्द होतात. म्हणून ही भेट मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. सुरुवातीच्या दिवसात ठेवली, तर रद्द झाल्यास आदल्या दिवशीच्या जागांमधून पुन्हा प्रयत्न करता येतो. वेळ सकाळची घ्या. अभ्यागत केंद्र सकाळी ७ ला उघडते आणि संध्याकाळी ५ ला बंद होते.

बोटीसह सारा कार्यक्रम सुमारे पाऊण तासाचा असतो आणि प्रत्यक्ष स्मारकावर साधारण पंधरा मिनिटे मिळतात, मग तुम्ही कंपनीबरोबर जा की एकटे. स्वतंत्र गेल्याचा लाभ त्याच्या आधी आणि नंतर मिळतो. किनाऱ्यावर दोन विनामूल्य संग्रहालये आहेत. एकात युद्धाकडे नेणारी वर्षे मांडली आहेत, दुसऱ्यात हल्ल्याचा दिवस. इतिहास शिकवलेल्या माणसाने तेथे निदान दीड तास तरी ठेवावा आणि तो बोटीत बसण्यापूर्वीच ठेवावा, कारण ते सारे पाहून गेल्यावर पाण्याखालचे जहाज वेगळेच दिसते. माझ्या वडिलांनी परतल्यावर पुन्हा त्याच दालनात जाऊन बसायचे ठरवले आणि आम्हाला कोणीही उठवायला आले नाही.

वायकिकीपासून हे ठिकाण पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. सार्वजनिक बस जाते, पण तासाहून अधिक वेळ घेते. चौघे आहात, तर टॅक्सी किंवा भाड्याची मोटार सोयीची पडेल. मोटारतळाला पैसे पडतात.

उत्तर: बीडची लेक

काकू, साडी आणि पर्स यांबद्दल मी सांगते, कारण माझ्या सासूबाईंबरोबर हाच प्रश्न आला होता. पिशवी, पर्स, पाठीवरची सॅक यांतले काहीही आत चालत नाही. प्रवेशद्वाराजवळच पैसे देऊन सामान ठेवण्याची सोय आहे, तेथे पर्स ठेवावी लागते. हातात फोन, पैशांचे छोटे पाकीट, कॅमेरा आणि पारदर्शक बाटलीत पाणी चालते. काकांच्या गोळ्या आणि साखरेची पुडी त्यांच्याच शर्टाच्या खिशात द्या. तुम्ही त्या दिवसापुरता खिशाचा पंजाबी ड्रेस घातला तर फार बरे, नाहीतर सुनेच्या खिशात चष्मा द्यावा लागेल आणि नावे वाचताना तिला शोधत फिरावे लागेल.

स्मारकावर खाता येत नाही. सकाळी निघताना काकांना पोटभर खाऊ घालून न्या आणि धपाट्यांचा डबा ठेवलेल्या सामानात राहू द्या, म्हणजे बाहेर आल्यावर लगेच हाताशी येईल. हवाईला जाताना शिजवलेल्या पदार्थांची अडचण येत नाही. फळे, रोपे, बियाणे यांबाबत मात्र नियम कडक आहेत आणि परतताना कॅलिफोर्नियाच्या विमानात बसण्यापूर्वीही सामानाची शेतीविषयक तपासणी होते. कढीपत्त्याच्या काड्या किंवा ताजी फळे बरोबर ठेवू नका.

उत्तर: निवृत्त नौसैनिक, लातूर

बाई, आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाबद्दल मला लिहावेसे वाटते. सुरुवातीला काही देह काढले गेले. पण स्फोटाने पुढचा भाग पूर्ण चिरडला होता, आत उतरणे पाणबुड्यांना धोक्याचे होते आणि देहांची ओळख पटणेही अशक्य होऊ लागले. तेव्हा नौदलाने निर्णय घेतला की या माणसांना समुद्रात विसावलेले मानावे. जहाजाचा वरचा भाग आणि काही तोफा काढून नेल्या, धड तेथेच राहिले. पुढे १९६२ मध्ये आजचे १८४ फूट लांबीचे पांढरे स्मारक खुले झाले. ते जहाजावर आडवे उभे आहे, पण जहाजाला कोठेही टेकत नाही. त्याचा रचनाकार आल्फ्रेड प्राइस हा ऑस्ट्रियात जन्मलेला होता आणि हल्ल्यानंतर शत्रुदेशाचा म्हणून त्यालाच अमेरिकेने काही काळ स्थानबद्ध केले होते. इमारत मध्ये खाली वाकलेली आणि दोन्ही टोकांना उंच आहे: आरंभीचा पराभव आणि अखेरचा विजय, असा अर्थ त्याने स्वतः सांगितला.

या जहाजावरून वाचलेल्या खलाशांना पुढे मुभा दिली गेली की, मृत्यूनंतर त्यांच्या अस्थी पाणबुड्यांकरवी याच जहाजात, सोबत्यांजवळ ठेवता येतील. १९८२ पासून अनेकांनी तसे केले. त्या दिवशीच्या खलाशांपैकी शेवटचे हयात असलेले लू कॉन्टर २०२४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी वारले. जहाजाच्या टाक्यांतले तेल अजूनही थेंबाथेंबाने वर येते आणि पाण्यावर त्याचे रंगीत तवंग दिसतात. तोफेच्या बुरुजाचा गोल, गंजलेला पाया पाण्याबाहेर आहे, तो आवर्जून पाहा.

आपण विचारले नाही, तरी वागण्याविषयी सांगतो. आमच्या जिल्ह्यात १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या ढिगाऱ्यांपुढे उभे राहून फोटो काढून घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे हे मनाला लागते. ॲरिझोना ही कबर आहे. बोट अमेरिकेच्या नौदलाचे खलाशी चालवतात, आणि आजही त्यांच्या युद्धनौका तेथून जाताना खलाशी कठड्याशी रांगेत उभे राहून मानवंदना देतात. आपणही तेथे हळू बोलावे, फोन बंद ठेवावा, आणि फोटो काढायचेच तर नावांच्या भिंतीकडे पाठ करून हसत उभे राहू नये, एवढे सुनेला आणि मुलाला आधीच सांगून ठेवा.

साहेबांच्या गुडघ्यांची काळजी नको. बोट आणि स्मारक दोन्हींवर चाकाची खुर्ची जाऊ शकते. मिसूरीचे मात्र वेगळे आहे. ती फोर्ड बेटावर आहे, बेट लष्करी हद्दीत असल्याने अभ्यागत केंद्रापासून त्यांच्याच बसने जावे लागते आणि तिकीटही वेगळे, बऱ्यापैकी महाग आहे. जहाजाच्या पोटातले जिने उभे आणि अरुंद आहेत, तेथे त्यांना उतरवू नका. वरच्या डेकवर शरणागतीची जागा धातूच्या पाटीने दाखवली आहे. शिवाय जहाजाच्या बाजूला, ११ एप्रिल १९४५ रोजी आदळलेल्या जपानी आत्मघातकी विमानाची खूण अजून दिसते. त्या वैमानिकाचा देह डेकवर सापडला, तेव्हा कप्तान कॅलहन यांनी त्याला लष्करी इतमामाने जलसमाधी दिली. आपण शाळेत शिकवत असता, तर ही गोष्ट पाठात घातली असती, असे वाटते.

परभणीच्या बाई

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मुलाशी बोलले. कंपनीचा कार्यक्रम नको, हे त्याने मान्य केले आणि ऑगस्टमधल्या आरक्षणाच्या संध्याकाळची आठवण फोनमध्ये लावून ठेवली. आम्ही मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागणार आहोत, म्हणजे वाऱ्याने फेरी रद्द झाली तरी पुढे दिवस उरतील. त्या दिवशी फक्त दोन्ही संग्रहालये आणि ॲरिझोना करू. पंचबोलला आणखी एखाद्या दिवशी स्वतंत्र जाऊन खाली उतरू, बसमधून पाहणार नाही.

नौसैनिक दादा, आपले उत्तर मी वहीत उतरवून घेतले आहे. तो विद्यार्थी आता मानवत येथे शिक्षक आहे, त्याला ते पाठवणार आहे.

एकच शंका उरली. वेगळ्या दिवशी मिसूरी मी मुलाबरोबर पाहत असताना यजमानांनी कोठे थांबावे?

उत्तर: जालनेकर, सध्या सिॲटल

अभ्यागत केंद्राच्या आवारातच पाण्याच्या काठाने सपाट वाट आहे, बाके आहेत आणि झाडांची सावली आहे. तेथून बंदर आणि पलीकडे स्मारकही दिसते. काकांना सूनबाईंबरोबर तेथे बसू द्या. बोफिन पाणबुडीचे संग्रहालयही शेजारीच, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्रत्यक्ष पाणबुडीत उतरणे त्यांना जमणार नाही, पण वरची दालने पाहता येतील. मिसूरीसाठी जाणेयेणे धरून तुम्ही निदान अडीच-तीन तास मोकळे ठेवा आणि शेवटची बस किती वाजता सुटते, हे जाण्यापूर्वी तेथेच विचारून घ्या.