काचबिंदूच्या ऑपरेशननंतर प्रेशर ४ वर आलंय, सोनोग्राफीत पाणी दिसतंय. कुणाला अनुभव आहे का?

खानापूरची लेक
नमस्कार. बाबा ६८ वर्षांचे, गाव खानापूर तालुक्यात. तीन प्रकारचे थेंब घालूनसुद्धा उजव्या डोळ्याचं प्रेशर ३४ च्या खाली येईना, म्हणून ११ दिवसांपूर्वी बेळगावात काचबिंदूचं ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी प्रेशर १२, घरात सगळे खूश. सातव्या दिवशी बाबा म्हणाले, "नाकाच्या बाजूनं काळं सावट येतंय गं." ऑपरेशनच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे सरळ दिसत होते, आता वाकडे दिसतात. तपासलं तर प्रेशर ४.

लगेच डोळ्याची सोनोग्राफी केली, मिटलेल्या पापणीवर जेल लावून. दोन दिवसांनी ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन. डॉक्टर सहायकाशी कन्नडात बोलत होते, त्यातलं 'नीरु' एवढंच बाबांनी पकडलं. तेव्हापासून डोळ्यात पाणी भरलं, डोळा गेला, असं म्हणत बसलेत. जेवण निम्मं झालंय.

प्रेशर कमी व्हावं म्हणूनच तर ऑपरेशन केलं की! मग कमी झाल्यावर नजर का गेली? पडदा सुटलाय का? आणि दोन दोन तपासण्या कशाला? रोप लावण सुरू आहे, बाबा पहाटेच चिखलात उतरायला निघतात.

चिकोडीचा नेत्र तंत्रज्ञ
ताई, प्रेशर साधारण १० ते २१ असावं. ५-६ च्या खाली गेलं की डोळा हवा कमी झालेल्या चेंडूसारखा मऊ पडतो. आतल्या रक्तवाहिन्यांच्या थरातून पाणी झिरपून त्याच्या मागं साठतं, थर फुगून आत येतो. सावट त्याचंच असणार. सोनोग्राफीत हा फुगवटा जाड, घुमटासारखा दिसतो, फारसा हलत नाही. सुटलेला पडदा पातळ असतो, डोळा हलवला की लहरतो. ओसीटी वेगळं. ते उजेडावर चालतं आणि नजरेच्या मध्यबिंदूला सुरकुत्या पडल्यात का ते दाखवतं. काटे वाकडे दिसतात ते बहुधा त्या सुरकुत्यांनी. म्हणून दोन्ही लागतात. बऱ्याचदा प्रेशर वर आलं की पाणी आपोआप जिरतं. पण ऑपरेशनच्या जागेतून गळती आहे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. आणि चिखलात अजिबात जाऊ देऊ नका, जंतू आत गेले तर डोळा वाचवणं अवघड.

निपाणीची सून
आमच्या सासूबाईंचे फुगवटे दोन्हीकडून वाढत मध्ये एकमेकांना टेकले होते. पुन्हा ऑपरेशन करून पाणी काढावं लागलं. वाचायला त्रास होतो अजून, पण घरात एकट्या फिरतात. अ‍ॅट्रोपिनच्या (बाहुली मोठी करणाऱ्या) थेंबांनी समोरचं धूसर होतं, घाबरून बंद करू नका. खोकला आणि शौचाला जोर, दोन्ही सांभाळा. अचानक जोराचं दुखलं, डोळा लाल झाला किंवा घाण आली, तर त्याच दिवशी दाखवा, सकाळची वाट बघू नका. आणि प्रत्येक तपासणीचे फोटो मागून घ्या. आम्ही पहिले घेतले नव्हते, दुसऱ्या डॉक्टरांकडं ताडून बघायला काहीच नव्हतं.

खानापूरची लेक
तुम्हा दोघांचे खूप आभार. आज गेल्या गेल्या गळतीचं विचारलं. डॉक्टरांनी पिवळं औषध लावलेली पट्टी डोळ्याला टेकवली आणि निळ्या उजेडात मलाच दाखवलं, टाक्याजवळून बारीक धार येत होती. वर कॉन्टॅक्ट लेन्स बसवलीय. तेवढ्यावर बंद झालं नाही तर टाका घालणार. प्रेशर ६. आजच्या सोनोग्राफीत फुगवटा थोडा उतरलाय. दोन्ही फोटो शेजारी धरून बाबांना दाखवले आणि 'नीरु' म्हणजे कुठलं पाणी तेही सांगितलं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "थोरल्याला सांग, खालच्या वाफ्यातलं रोप तूच लावून घे."