सहा फुटी टाकी, दोन ऑस्कर, आता पुढे कोण?

जुळे सोलापूर:

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर माशांसाठी ६ × २ × २ फुटांची टाकी बसवली. घर तळमजल्यावर आहे म्हणूनच धाडस केलं, कारण नुसतं पाणीच पावणेसातशे लिटर बसतं. महिनाभर फिल्टर चालवून टाकी पिकू दिली, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढू दिले, मग दोन ऑस्कर मासे सोडले. आता ते पाच-पाच इंचांचे झालेत आणि हातातून पेलेट (खाद्याच्या गोळ्या) घेतात.

गेल्या आठवड्यात तीन इंचांचा ग्रीन टेरर आणला. संध्याकाळी सोडला तेव्हा ऑस्करनी ढुंकूनही बघितलं नाही. सकाळी सहाला उठलो तर बिचारा हिटरच्या मागे उभा, शेपटी निम्मी गेलेली, एका बाजूचे खवले उडालेले. लगेच काढून जुन्या दोन फुटी टाकीत ठेवलाय. माझी मुलगी त्या दिवशी शाळेतून डबा तसाच घेऊन परत आली.

आता मला जॅक डेम्प्सी मासा हवा आहे, मुलीला फ्लॉवरहॉर्न. दुकानातले पिवळे-निळे आफ्रिकन मासे दोघांनाही आवडलेत. दुकानदार म्हणतो, सगळे सिक्लिडच, एकाच कुळातले मासे, सगळे एकत्र चालतात. पण ती सकाळ बघितल्यावर विश्वास बसत नाही. पाणी महापालिकेचं, चार-पाच दिवसांआड येतं, एरवी बोअर. बोअरच्या पाण्याने काचेला पांढरा थर धरतो. आत शहाबादी फरशीच्या तुकड्यांच्या दोन गुहा केल्यात. कोणते मासे आणू?

रविवार पेठ:

मालक, सोपं आहे. टाकी गच्च भरा. वीस मासे असले की मारणारा एकालाच धरून बसत नाही, मार वाटला जातो. माझ्याकडे चार फुटीत बावीस आफ्रिकन आहेत, दोन वर्षं झाली, मारामारीत एकही गेला नाही.

होटगी रोड:

रविवार पेठवाल्यांचं म्हणणं आफ्रिकन माशांपुरतं बरोबर आहे. मलावी सरोवरातले ते मासे साधारण चार-पाच इंचांचे राहतात. ऑस्कर फुटाचा होतो आणि खातो तेवढीच घाण करतो. ऑस्करनी टाकी गच्च भरलीत तर मारामारीच्या आधी त्या घाणीतून होणारा अमोनियाच मारेल. त्यात आपल्या बोअरचं पाणी अल्कलाइन. अशा पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

मी सतरा वर्षं सिक्लिड पाळतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उजनीची चिलापी आपण बाजारात घेतो ना, तीही सिक्लिडच. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की काठच्या चिखलात ताटाएवढे गोल खड्डे उघडे पडलेले मी बघितलेत. प्रत्येक खड्डा एका नराचा. तो दुसऱ्या नराला तिथून हाकलतो आणि हाकलला गेलेला चार हात लांब जाऊन आपला खड्डा करतो. भांडण तिथेच मिटतं. तुमचा ग्रीन टेरर पळाला, पण जाणार कुठे? सहा फुटांवर काच. हाकलणाऱ्याला तो अजून समोरच दिसत होता, म्हणून रात्रभर मार खाल्ला. त्यामुळे मासा निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: हरलेल्याला नजरेआड व्हायला जागा आहे का, आणि नवा मासा जुन्यांच्या तोडीचा आहे का. जातीचं नाव त्यानंतर.

तुमच्या यादीतला फ्लॉवरहॉर्न आधी काढा. तो कोणत्याच नदीत सापडत नाही; १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचा संकर करून माणसाने तयार केलेला मासा आहे. पूर्ण टाकी आपलीच समजतो. मुलीला हवा असेल तर त्याला एकट्याला चार फुटी टाकी द्या. तो माणूस ओळखतो, काचेपाशी येऊन खेळतो. तिला एकटा तोच पुरेल.

आफ्रिकनही नकोत. बोअरचं कडक पाणी त्यांना मानवेल, उलट आपल्यापैकी पुष्कळांनी तेच पाळायला हवेत. पण त्यातले बहुतेक दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे. ऑस्करचं प्रोटीनचं खाणं रोज मिळालं की त्यांची पोटं फुगतात आणि मरतात. शिवाय ऑस्कर अॅमेझॉन खोऱ्यातला, मऊ, कमी क्षारांच्या पाण्यातला. एक टाकी दोघांची सोय करू शकत नाही.

जॅक डेम्प्सीला हेवीवेट मुष्टियोद्ध्याचं नाव दिलंय, पण ऑस्करपुढे तो बहुधा गुहा धरून बसतो. चांगला मासा आहे. तरी तुमच्याकडे ग्रीन टेरर आहे, तर दोघांतला एकच ठेवा. दोघेही तळाची जागा मागतात आणि सहा फुटांत तेवढा तळ नाही. मी ग्रीन टेररच ठेवला असता, कारण तो तुमच्या घरात मार खाऊन जगलाय.

त्याला दोन फुटीतच ऑस्करच्या बरोबरीचा होऊ द्या. मग एका सुटीच्या दिवशी ऑस्कर टबमध्ये काढा, आतले सगळे दगड हलवा, एकही जुन्या जागी ठेवू नका. ग्रीन टेरर आधी सोडा, तीन-चार तासांनी ऑस्कर, आणि दिवे दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. आता घर सगळ्यांनाच नवं असतं. आठवडाभर मधे जाळी लावता आली तर फारच उत्तम. तोंडात तोंड घालून ओढाओढी झाली तर घाबरू नका, ती ताकद जोखण्याची रीत आहे. पण एखादा पर अंगाला चिकटवून वरच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि खाणं सोडलं, तर त्याच क्षणी बाहेर काढा. सकाळची वाट बघू नका.

सोबत सहा सिल्व्हर डॉलर मासे घ्या, ऑस्करच्या तोंडात मावणार नाहीत एवढे. ते मोकळ्या पाण्यात फिरत राहिले की ऑस्करनाही धीर येतो. बस, टाकी भरली.

शहाबादी फरशी काढा. ती चुनखडीच आहे. लिंबू पिळून बघा, बारीक फेस येईल. पाणी कडक करणारं आपण आणखी कशाला घालायचं? आपला काळा दगड धुऊन घाला, तो पाण्यात काही सोडत नाही. महापालिकेचं पाणी आलं की वेगळ्या टाकीत साठवा, अँटी-क्लोरीन घाला आणि तेच माशांना वापरा. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचंच. मी एका उन्हाळ्यात टंचाईमुळे दीड महिना टाळलं. माझ्या मोठ्या ऑस्करच्या डोक्याला खड्डे पडले. ते व्रण शेवटपर्यंत गेले नाहीत.

जुळे सोलापूर:

काका, खूप आभार. दोन्ही ऑस्कर नर-मादी निघाले तर? आणि मुलगी विचारते, छोटे पट्टेवाले कॉन्व्हिक्ट सिक्लिड चालतील का, ते तर चारच इंचांचे असतात.

सात रस्ता:

ताई म्हणून सांगते, मुलीला नाही म्हणा. माझ्याकडे पाच फुटीत कॉन्व्हिक्टची एक जोडी होती. पोटावर नारिंगी छटा असते ती मादी. त्यांनी कुंडीत अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी नऊ इंचांचा ऑस्कर एका कोपऱ्यात उभा होता. पिल्लं असताना ती चिमुकली आई कोणालाही घाबरत नाही. मला तिचं फार कौतुक वाटायचं, पण बाकीच्यांचे हाल झाले. शेवटी जोडीला वेगळी टाकी दिली. तुमच्या ऑस्करची जोडी जमली तर त्यांनाही असंच करावं लागेल. सपाट दगड घासून स्वच्छ करायला लागले की समजा. त्यासाठी जाळी आत्ताच मापाची कापून ठेवा.

आणि ऊन! मार्च लागलाय. मे महिन्यात माझ्या टाकीचं पाणी तेहतीसच्या वर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि मासे चिडचिडे होतात, माझ्याकडच्या सगळ्या मोठ्या मारामाऱ्या उन्हाळ्यातल्याच. हिटर काढून ठेवा, झाकण उघडून वर जाळी टाका आणि पाण्यावर पंखा सोडा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र आरओचं पाणी घाला. बोअरचं घालत राहिलात तर क्षार साठत जातात. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या.

जुळे सोलापूर:

मे संपत आला, म्हणून कळवतो. फरशीवर लिंबू पिळलं, खरंच फेस आला. सगळी काढली. ग्रीन टेररची शेपटी पूर्ण भरून आली, पण मोठा व्हायला वेळ लागतोय, अजून तो वेगळ्या टाकीतच आहे. सिल्व्हर डॉलर सहा आणले, ऑस्कर त्यांना काही करत नाहीत. पाणी पंख्याने तीसवर थांबतंय. एकच अडचण आहे. पेलेट टाकले की सिल्व्हर डॉलर झडप घालून सगळे उचलतात, ऑस्कर मागे राहतात.

होटगी रोड:

सिल्व्हर डॉलरना एका टोकाला काकडी किंवा पालक बांधून द्या. ते तिकडे लागले की दुसऱ्या टोकाला ऑस्करना हाताने भरवा. ग्रीन टेररची घाई करू नका, पावसाळ्यात पाणी थंड झाल्यावर सोडा.