ट्रस्टकडे गेला म्हणून पब संपत नाही
जुने पब एखाद्या संस्थेच्या ताब्यात गेले की त्यांचं वस्तुसंग्रहालय होतं, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. इंग्लंडमध्ये वूस्टरशायर परगण्यातल्या ब्रेटफर्टन गावचा 'फ्लीस इन' बघा. मुळात हे पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर, १८४८ पासून पब. शेवटच्या मालकीणबाई लोला टॅपलिन १९७७ मध्ये वारल्या, त्यांनी तो मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेला, दिला. आजही तिथे रोज बिअर ओतली जाते आणि गावकरी त्याच बाकांवर बसतात.

मला सगळ्यात भावलं ते चुलाण्यासमोरच्या दगडी फरशीवरचं. तिथे पांढरी वर्तुळं काढलेली आहेत. धुराड्यातून चेटकीण घरात उतरू नये म्हणून ती काढायची पद्धत. वाकून बघताना आजीची उंबरठ्यावरची रांगोळी आठवली आणि डोळे भरून आले. २००४ मध्ये छपराला आग लागली, तेव्हा पिढ्यान् पिढ्या जपलेली प्यूटरची (कथिलाच्या मिश्रधातूची) ताटं वाचली. डागडुजी करून पुढच्या वर्षी पब पुन्हा सुरूही झाला. नुसतं संग्रहालय करायचं असतं तर तेव्हाच दोरी बांधून तिकीट लावलं असतं की!