सनमायकाच्या सपाट कपाटाला पॅनलचा लूक कसा द्यावा?

नांदेडकर
कपाटाला चार उघडती दारं आहेत, प्रत्येक 450 × 2100 मिमी. 19 मिमी प्लाय, वर पांढरा मॅट सनमायका. दारं न बदलता पट्ट्या लावून प्रत्येकावर दोन चौकटी करायच्या आहेत, वरची मोठी, खालची लहान. पट्टी कोणती, किती घ्यावी आणि चिकटवावी कशाने? खोलीत उन्हाळाभर कूलर चालतो.

सुतारकट्टा परभणी
25 मिमी रुंद, 9 मिमी जाड बिडिंग (सजावटीची लाकडी पट्टी) घ्या आणि कडेपासून 65 मिमी आत लावा. अगदी कडेला लावली तर बिजागरीकडची जाडी वाढते, दार शेजारच्या दाराला घासतं आणि पूर्ण उघडत नाही. वर आणि दोन चौकटींच्या मध्ये 65, खाली 90 सोडा. वरची चौकट 320 × 1200, खालची 320 × 680 येईल.

वरची 1200 च्या पुढे नेऊ नका. आठ फुटी पट्टी 2438 मिमी असते, तिच्यातून 1200 चे दोन उभे तुकडे करवतीच्या छाटासकट बसतात, 1230 चे बसत नाहीत. त्याच दाराच्या दुसऱ्या पट्टीत 680 चे दोन आणि 320 चे तीन. प्रत्येक दाराचा राहिलेला 320 चा एक तुकडा, असे चारही एकाच पट्टीतून निघतात. एकूण 9 पट्ट्या, एक जादा धरून 10.

नेहमीचा पांढरा फेविकॉल इथे चालणार नाही. तो लाकडात मुरून धरतो, सनमायकात मुरायला जागाच नाही. पट्टीखाली झाकला जाईल तेवढाच, 20 मिमीचा पट्टा 80 नंबर पॉलिशपेपरने खरवडा, थिनरने पुसा आणि नळीत मिळणारा नेल-फ्री गोंद 4 मिमी जाडीच्या रेषेत सोडा. 300 मिलीच्या दोन नळ्या आणा, एक जेमतेम पुरते. मास्किंग टेप लावून 24 तास हलवू नका. खिळा मारायचाच असेल तर आधी 1 मिमीचं भोक पाडा, नाहीतर सनमायका तडकतो.

लातूर वुडवर्क
कूलर आहे म्हणता तर एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेली) पट्टी टाळाच. 45 अंशात कापलेली टोकं दमट हवा पितात, फुगतात आणि कोपऱ्यावरचा रंग फुटतो. सागवानी घ्या. एमडीएफच आणली असेल तर कापल्याबरोबर टोकांना प्रायमरचे दोन हात द्या, चिकटवल्यावर ब्रश तिथे पोचत नाही.

रबरी सोल्युशनने पट्टी लावू नका. ते टेकताच पकडतं, 2 मिमी सरकवायचं म्हटलं तरी जमत नाही, आणि चार दारं शेजारी असताना तेवढा फरक लांबून दिसतो. त्यासाठीच खुणा करण्याआधी बिजागरीचे स्क्रू फिरवून चारही दारांची डोकी एका दोरीत आणा. मग दारांवर नंबर टाका, काढून आडवी ठेवा आणि 65 मिमी रुंद प्लायचा ठोकळा टेकवत पट्टी बसवा. दर वेळी टेपने मोजलं की चूक साठत जाते. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरले की गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचीही गरज नाही.

नांदेडकर
पट्ट्यांना पांढरा रंग देऊन सनमायका तसाच ठेवला तर?

सुतारकट्टा परभणी
दोन पांढरे जुळत नाहीत, खिडकीच्या उजेडात फरक उघडा पडतो. एकतर सागवानी पट्टीला पॉलिश करून ती वेगळीच दिसू द्या, नाहीतर पूर्ण दार रंगवा. रंगवणार असाल तर सगळा सनमायका 220 नंबरने चमक जाईपर्यंत घासा आणि गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर मागा. साधा वुड प्रायमर नखाने सुटतो. पट्टी आणि दार यांच्यातली फट रंगवता येणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटने भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही.