उत्तर: बासरीपलीकडचं चित्र

आठव्या शतकातला चीनचा तांग सम्राट श्वानझोंग आणि त्याची लाडकी राणी यांग ग्वेइफेइ यांच्या चित्रांत एकाच बासरीवर दोघांची बोटं, यापलीकडे काही नसतं, असं मी ज्याला उत्तर देतोय त्या लेखनात म्हटलंय. जपानी उकियो-ए शैलीपुरतं (मुख्यतः लाकडी ठशांची चित्रं) ठीक आहे, त्या शैलीतल्या उतामारो या चित्रकारानेही ती बासरी रंगवलीय. पण वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयातला चिनी चित्रकार च्यान श्वानचा चित्रपट (गुंडाळीचा, पडद्यावरचा नव्हे!) बघा. त्यात प्रणय जवळजवळ नाहीच. सम्राट आधीच घोड्यावर बसून वाट बघतोय आणि बाईसाहेबांना घोड्यावर चढवताना सेवकांची तारांबळ उडालीय. मागे ना महाल ना बाग, नुसता कोरा कागद. मला तर हा सरळसरळ टोमणा वाटतो. मंगोलांनी १२७९ मध्ये चीनची दक्षिण सोंग राजवट संपवली, ते या चित्रकाराच्या डोळ्यांदेखत घडलं आणि नव्या दरबाराची चाकरी त्याने पत्करली नाही. लाडक्या स्त्रीपायी राज्याकडे दुर्लक्ष करणारा राजा त्याला गोड कसा दिसणार?

आणि शेवटही चितारला गेलाय. ७५६ मध्ये मावेइ या ठिकाणी सैनिक अडून बसले आणि सम्राटाला यांग ग्वेइफेइच्या मृत्यूला संमती द्यावी लागली. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहातल्या जपानी चित्रकार कानो सान्सेत्सूच्या दोन गुंडाळीपटांत कथेचा हाही भाग येतो.