नवीन पेन दिसलं की हात आवरत नाही. तुम्ही काय करता?

टाचणवही

मंडळी, शाईची पेनं जमवणाऱ्यांनी खरेदीला आवर कसा घालायचा? "मन घट्ट करा" हे उत्तर घरात रोज मिळतं. इथल्या जाणत्यांनी प्रत्यक्षात काय केलं, ते मला हवंय.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. टाचण अजून हातानं लिहिते आणि ते मला मनापासून आवडतं. माझ्याकडे वडिलांचं काळं कॅम्लिन आहे, पायलट मेट्रोपॉलिटन, ट्विस्बी इको, तमिळनाडूतल्या 'रांगा' या पेनकर्त्यांचं एबोनाईटचं एक आणि लॅमी सफारी तीन: पिवळं, कोळशाच्या रंगाचं आणि पारदर्शक व्हिस्टा. शाईच्या दौती चौदा. त्यातल्या पाचांची झाकणं अजून उघडलेली नाहीत.

मला ओढ कधी लागते ते आता कळायला लागलंय. पेपर तपासून झाले, निकालपत्रकं भरून झाली, घर झोपलं, की मी दुकानांची संकेतस्थळं उघडते. त्यात ग्रुपवर कुणीतरी नव्या पेनाचा फोटो टाकलेला असतो, खिडकीतल्या उन्हात धरलेला. दुकानाचा निरोप येतो, "शेवटचे काही नग शिल्लक, हा रंग पुन्हा येणार नाही." हे शेवटचं वाक्य माझ्यावर फार चालतं. दाम परवडत नाही असं नाही, कर्ज काढून मी काही घेत नाही. पण खणात पडून राहिलेलं पेन बघितलं की जीवाला लागतं. ज्या हातांनी ते घडवलं त्यांनी लिहिण्यासाठी घडवलं होतं ना!

या घडीला कार्टमध्ये चौथं सफारी आहे, मर्यादित आवृत्तीतलं. डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून सोबत शाईची एक दौत. उद्या रात्रीपर्यंत सवलत आहे. एक पेन आलं की एक द्यायचं, हा नियम कुणी पाळून बघितलाय का? वडिलांचं कॅम्लिन त्यात धरायचं की नाही?

शिरोरेखा

ताई, एकच विचारते. चौथ्या सफारीनं तुमचं अक्षर वेगळं येणार आहे का?

लॅमीच्या सफारी, अल-स्टार आणि व्हिस्टा, तिघांना एकच निब बसतं. म्हणजे तुमच्याकडच्या तिन्ही पेनांत एफ (बारीक) निब असेल तर तुमच्याकडे लिहिण्याच्या दृष्टीनं एकच पेन आहे, तीन रंगांत. चौथ्यानं त्यात काही भर पडत नाही. लॅमीचं सुटं निब मात्र वेगळं मिळतं आणि पेनाच्या मानानं बरंच स्वस्त पडतं.

आपल्या लिपीला तर निबाचा फरक रोमनपेक्षा जास्त जाणवतो. टाचणवहीच्या ओळीत युरोपीय एम (मध्यम) निबानं लिहिलं की ध, भ, श यांच्या गाठी बुजतात, ष आणि क्ष काळे ठिपके होऊन बसतात. जपानी एफ त्याच ओळीत प्रत्येक गाठ मोकळी ठेवतं. त्यामुळे तुमच्या जपानी पायलट मेट्रोपॉलिटनवर माझा जास्त विश्वास आहे. मी पेन बघताना आधी कागदावर "क्षितिज, धर्म, शाळा" लिहून बघते. गाठी बुजल्या की पुढचं बघायचं कारण उरत नाही. रंगाची भूल या चाचणीपुढे टिकत नाही, हा माझा अनुभव.

वडिलांचं कॅम्लिन कुठल्याच हिशेबात धरू नका.

दुरुस्तीवाला

मी पुण्यात शाईची पेनं दुरुस्त करतो, म्हणून या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूनं बघतो. लोकांना वाटतं माझ्याकडे लिहून लिहून झिजलेली पेनं येत असतील. तशी फार थोडी येतात. येतात ती बहुतेक न लिहिल्यामुळे बंद पडलेली. हौसेनं घेतलं, शाई भरली, चार दिवस लिहिलं, मग दुसरं आलं आणि पहिलं तसंच खणात गेलं.

आत काय होतं ते सांगतो. टोपण कितीही घट्ट लावा, पाणी हळूहळू उडत राहतं आणि रंग मागे राहतो. निबाखालची जीभ असते ना, तिच्या पोटाशी केसासारख्या बारीक खाचा असतात. एका वाटेनं शाई पुढे येते, दुसऱ्या वाटेनं हवा आत जाते. त्या खाचांत रंगाची साय धरते. गेल्या आठवड्यात एक पेन आलं, जांभळी चकाकीची शाई भरून तसंच ठेवलेलं. पुढचा भाग साध्या पाण्यात रात्रभर टाकला. सकाळी वाटीच्या तळाशी चकाकीचा थर आणि वर जांभळ्या धाग्यांचं जाळं. रबरी पिचकारीनं पाणी मारत राहिलो तरी जिभेतून रंग येतच होता. निबाची चीर शेवटी पितळी पातळ पत्र्यानं मोकळी केली. मालकानं ते पेन पुरतं पानभरही लिहिलं नव्हतं.

कोरं ठेवलं तर टिकेल म्हणाल, तर तेही तितकंसं खरं नाही. जुन्या पेनातली शाई साठवणारी रबरी पिशवी खणात पडल्या पडल्या कडक होते आणि एक दिवस बिस्किटासारखी मोडते. काळं एबोनाईट उजेडात तपकिरी पडतं. एबोनाईट म्हणजे गंधक घालून शिजवलेलं रबरच. तुमच्या रांगाच्या पेनाची नळी तळहातावर जोरात घासून वास घ्या, गंधक कळेल.

म्हणून माझा नियम पेनं किती असावीत याचा नाही, शाई भरलेली पेनं किती असावीत याचा आहे. तीन. एक रोजचं, एक लाल शाईचं, एक मन रमवायला. चौथ्यात शाई भरायची तर आधी तिघांतलं एक रिकामं करून, धुऊन, पुसून कोरडं करायचं. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला हा बेत आयताच बसेल. एक करून बघा: खणातलं ज्या पेनात सगळ्यात जास्त दिवस शाई गेली नाही ते काढा, दोन-तीनदा धुवा, भरा आणि आठवडाभर फक्त त्यानंच टाचण लिहा. नव्या पेनाची जी ओढ असते, त्यातली बरीचशी नव्या हातचालीची असते. आपलंच विसरलेलं पेन ती भागवतं. मी गिऱ्हाइकांना पेन परत देताना हेच सांगतो. पुढच्या खेपेला त्यांच्या खिशाला तेच पेन लावलेलं दिसलं की मला त्या दिवसाची कमाई झाली असं वाटतं.

आता दौतींचं. दौत ५० मिलीची, कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनातल्या शाई ओढणाऱ्या नळीत, मावते साधारण ०.८ मिली. म्हणजे एका दौतीत साठेक भरण्या. टाचण आणि थोडंफार लेखन धरून एक भरणी आठवडा पुरते असं म्हटलं तर एक दौत वर्षभर जाते. तुमच्याकडे चौदा आहेत. हे मी टोचायला सांगत नाही, पण फुकट डिलिव्हरीसाठी पंधरावी घेण्याआधी हा हिशेब एकदा कागदावर मांडा. नवा रंग बघायचाच असेल तर दोन-चार मिलीच्या कुप्या विकत मिळतात. एका कुपीत तो रंग आपल्याला वर्षभर सोसवेल की नाही ते कळतं.

एक आलं की एक द्यायचं, हा नियम मी कुणाला सांगत नाही. त्यात माणूस देण्याजोगं पेन शोधून नव्याची वाट मोकळी करतो. खरेदी चालूच राहते.

आणि ज्याला पेन आठवडे आठवडे पडून राहणारच आहे, त्यानं टोपण बघून घ्यावं. प्लॅटिनमच्या ३७७६ सेंच्युरीच्या टोपणात आत स्प्रिंगवर बसलेली वाटी असते, ती निबाभोवती हवा कोंडून धरते. माझ्याकडे ते पेन वाळून आलेलं मला आठवत नाही.

नेकारकाठ

नमस्कार, मी जर्मनीत मानहाइमला राहते. लॅमीचा कारखाना इथून जवळच, हायडेलबर्गला. सफारी १९८०मध्ये आलं तेच मुळात शाळकरी मुलांसाठी. पकडीला दोन बाजूंनी सपाट खाचा आहेत त्या मुलांची बोटं नीट बसावीत म्हणून, आणि तारेची मोठी क्लिप जाड कापडाच्या खिशाला लागावी म्हणून. इथे प्राथमिक शाळेतच मुलं शाईच्या पेनावर येतात. माझ्या मुलीकडे एक आहे. एकच. टोपणावर दातांचे वण आहेत, नळीवर नाव कोरलंय, आणि वर्गात सगळ्यांचं असंच. दुसरं मागायचं तिला सुचलेलंही नाही, कारण पहिलं लिहितंय.

"हा रंग पुन्हा येणार नाही" याबद्दल. २०२१ साली लॅमीनं सफारीचे पहिलेवहिले रंग, सव्हाना हिरवा आणि टेराकोटाच्या जवळचा लाल, पुन्हा काढले. चाळीसएक वर्षं ज्यांचे जुने नग लोक शोधत फिरत होते ते रंग. आणि तुमच्या कार्टातला नाही आला परत, तरी पुढच्या वर्षी दुसरा येईलच. दर वर्षी येतो.

गिरगावकर

वरच्या सगळ्यांचं पटतं, तरी दुसरी बाजू मांडली पाहिजे. सगळ्यांनीच हात आखडला असता तर आज आपल्याकडे शाईचं पेन उरलं असतं का?

१९३१ साली दांडेकर बंधूंनी आमच्या गिरगावात शाईची पूड आणि वड्या करून विकायला सुरुवात केली, त्यातून कॅम्लिन उभं राहिलं. राजमहेंद्रीला रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवलं, १९३५मध्ये गांधीजींनी त्यांना पत्र लिहून पेन मिळाल्याचं आणि ते आवडल्याचं कळवलं. बंगालमध्ये १९३४ साली सुलेखा शाई निघाली, ती मधल्या काळात बंद पडली आणि अलीकडे दौती पुन्हा बाजारात आल्या. त्या परत आल्या त्या हौशी लोकांच्या मागणीमुळे. लेथवर एबोनाईटची कांडी धरून पेन कातणारी माणसं आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांचं घर आपल्यासारख्यांच्या हौसेवर चालतं.

तेव्हा ताई, आवर घाला, पण कशाला घालायचा ते निवडा. रांगाचं पेन तुम्ही कसं घेतलंत आठवा. आकार ठरवला असेल, एबोनाईटचा रंग निवडला असेल, निब कुठलं ते कळवलं असेल, मग तिरुवल्लूरहून पेन यायला काही आठवडे लागले असतील. त्या आठवड्यांत ओढ टिकली म्हणजे ती खरी होती. रात्री अकराला बोट लावलं आणि परवा दारात पेटी, यात ओढीला तपासायला जागाच राहत नाही. मी गेली काही वर्षं ऑर्डरनंतर घडवलेलंच पेन घेतो. वर्षाकाठी एखादंच होतं, पण त्या माणसाशी फोनवर बोलणं होतं, नळीची जाडी माझ्या बोटांना साजेशी मिळते. पेन आल्यावर ते पडून राहायचा प्रश्नच येत नाही.

दुरुस्तीवाला

गिरगावकर, सहमत. कातून घेतलेल्या पेनांत पडून वाळलेलं पेन माझ्याकडे क्वचित येतं. मालकाला त्याचा इंच न् इंच ठाऊक असतो, लिहितं ठेवतो.

टाचणवही

सगळ्यांचे आभार. काल रात्री खण रिकामा केला. सगळी पेनं आणि दौती जेवणाच्या टेबलावर मांडल्या, आमच्या ह्यांनी पण मदत केली. व्हिस्टामध्ये निळी शाई नळीच्या आत वाळून तिचा किनारा धरला होता. पाण्यात टाकलंय. कॅम्लिन मात्र दोन पाण्यांत स्वच्छ झालं आणि भरल्या भरल्या लिहायला लागलं. सोमवारपासून आठवडाभर टाचण त्यानंच लिहिणार.

शिरोरेखा, तुमच्या चाचणीनं तर डोळे उघडले. तिन्ही सफारीत एम निब निघालं. म्हणूनच टाचणवहीत माझा "क्ष" मुख्याध्यापकांना वाचता येत नव्हता, आणि मी कागदाला दोष देत होते.

कार्टमधलं पेन आणि दौत दोन्ही काढलं. त्याऐवजी एक ईएफ (एफहूनही बारीक) निब मागवलंय, पिवळ्या सफारीसाठी. लाल शाई कोळशाच्या रंगाच्या पेनात राहील. पण निब काढायचं कसं? ओढलं तर मोडेल अशी धास्ती वाटते. व्हिडिओत एक जण चिकटपट्टी लावतो, दुसरा नुसत्या नखानं काढतो.

शिरोरेखा

चिकटपट्टीच लावा, नखानं निब वाकायची भीती असते. आधी पेन रिकामं करून धुऊन घ्या, म्हणजे बोटं रंगणार नाहीत. निबाच्या पाठीवर, पकडीपासून टोकाकडे, पारदर्शक चिकटपट्टीचा बोटभर तुकडा चांगला दाबून बसवा आणि सरळ पुढे ओढा, वर उचलू नका. निब जिभेवरून घसरत बाहेर येतं. जीभ जागच्या जागी राहिली पाहिजे, तिला हात लावू नका. नवं निब त्याच खाचेवरून मागे सरकवा, ते अडेपर्यंत.

ईएफ पहिले एक-दोन दिवस कागदाला किंचित खरखरल्यासारखं वाटेल. आपला हात एमवर दाबून लिहायला शिकलेला असतो, तो हलका होऊ द्या. १.१ मिमीचं पसरट निब नंतर घ्यावंसं वाटलं तर सुलेखनासाठी म्हणून घेऊ नका. ते टोकाला सरळ कापलेलं असतं, आणि देवनागरीचा बोरू तिरका कापतात. जाड-बारीक रेघा उलट्या ठिकाणी पडतात. त्यासाठी बोरूच कापून घ्या. साताऱ्यात बांबूला काय तोटा!