पखवाजाचा बास पुरत नाही, हेडफोनचे पॅड बदलू का?

प्रश्न: ऑडिओ-टेक्निकाचे एम५०एक्स हेडफोन वापरतो. घरात पखवाज ऐकत वाढलो. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा पोटात उतरणारा ठोका हेडफोनवर अर्धाच येतो. मला चष्मा आहे. कानावर टेकणारे पॅड मखमली बसवू का?

उत्तर: मखमली नकोच! कापडातून हवा निसटते आणि सगळ्यात आधी खालचा सूर जातो. चष्म्याच्या काडीपाशीही तशीच फट राहते. कप तळव्यांनी हलके दाबून ऐका. बास वाढला, तर दोष फटीचा. मऊ, जाड कृत्रिम चामड्याचे पॅड घ्या. आणि कपावरच्या छिद्रांवर टेप लावू नका. माझ्या जुन्या जोडीवर लावली, तर बास उलट दबला.

दुसरं उत्तर: खर्चाआधी इक्वलायझर एपीओ (सूर कमी-जास्त करणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) लावून बघा, फुकट आहे. लो-शेल्फ (खालचे सूर उचलणारा फिल्टर) १०० हर्ट्झ, +४ डेसिबल. प्रीअँप (एकूण आवाजाची पातळी) −४ करायला विसरू नका, नाहीतर जोरदार थापेला आवाज फाटतो.

प्रश्नकर्ता: दाबून पाहिलं, चष्मा काढूनही पाहिलं. उजव्या काडीपाशीच फट होती! बारीक काड्यांची फ्रेम घातली आणि +३ वरच थांबलो. थापेनंतरची आस (रेंगाळणारा नाद) आता शेवटपर्यंत ऐकू येते. पॅड पुढच्या महिन्यात.